दार बसेना

नेदर ऑर्मले,
१४ सप्टेंबर १८६८

प्रिय लेटी,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझी आई धडधाकट आहे, डुकरीण व्यालीय (अकरा पिल्लं), आणि माझा गुडघा माझं ऐकत नाही, पण या घरात माझं न ऐकणारा तो काही एकटा नव्हे. पावणेतीन वर्षांत बापाची एक ओळ नाही आणि आज एकदम चार पानं, म्हणजे काहीतरी झालं असणार असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकलं. सहज लिहितोय. चर्चची खबर तुला कळावी, एवढंच.

तर आपलं चर्च आम्ही पाडलं. म्हणजे ते पडतच होतं, आम्ही फक्त हात लावला. गेल्या वर्षी उपदेश करताना पाद्रीबुवा म्हणाले, "त्या दिवशी आकाश कोसळेल!" आणि छताचा परातीएवढा गिलावा नेमका जमीनदारसाहेबांच्या टकलावर आला. गावकऱ्यांनी वीस वर्षं अर्ज केले त्यानं जे झालं नाही, ते त्या गिलाव्यानं एका रविवारात केलं. पुढच्याच महिन्यात लंडनहून मिस्टर स्टॅव्हर्टन नावाचे वास्तुविशारद आले. बारीक माणूस, पण नकाशांची सुरळी त्यांच्याहून उंच. पूर्वेच्या खिडकीकडे छत्री रोखून म्हणाले, "ही अलीकडची आहे, काढून टाका." अलीकडची म्हणजे चारशे वर्षांची! त्यांना सहाशे वर्षांपूर्वीचं शुद्ध चर्च हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, मी जन्मभर इथं गवंडीकाम करतोय, पण सहाशे वर्षांपूर्वीचं आजवर कधी बांधलं नाही. जरा वेळ लागेल." ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दक्षिणेच्या दारावरची कमान मात्र त्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिली. सगळ्यांत जुनी ती. तिचे तेरा दगड सुटे करायचे आणि भिंत नव्यानं उभी राहिली की जसेच्या तसे परत चढवायचे, असा हुकूम झाला. ते तेरा दगड तुला मी काय सांगणार? दर दगडावर चोचीचं मुंडकं, आणि एकावर तेवढं मांजर. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा माझी वाट बघत दारात बसायचीस आणि एकेकाला नावं ठेवायचीस. दातदुख्या, उपाशी मावशी, पाद्रीबुवांची घोडी. तेरा नावं एका दमात म्हणायचीस, डावीकडून उजवीकडे. मला तेव्हा वाटायचं, पोरीला वेड लागलंय.

मी दगडांवर खडूनं आकडे घातले आणि पाद्रीबुवांच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली गवतावर मांडून ठेवले. दोन महिन्यांनी आणायला गेलो, तर दगड लख्ख! पाद्रीणबाई अभिमानानं पुढं आल्या. "मिस्टर थ्रोअर, कुणा वात्रटानं त्यांच्यावर आकडे गिरवले होते हो. मी मोलकरणीकडून सोडा लावून घासून घेतले." मी टोपी काढली आणि म्हटलं, "उपकार झाले, बाई." दुसरं काय म्हणणार? त्या स्वतः हातात ब्रश घेऊन उभ्या होत्या, आणखी काही घासायचं असेल तर.

मग तीन आठवडे मी आणि ती तेरा मुंडकी. एकदा बसवली तर शेवटी बोटभर फट राहिली. दुसऱ्यांदा बसवली तर एक दगड जास्त झाला. लेटी, दगड कधी वितो का? गावातला जो तो येऊन सल्ला देई. कुणी म्हणे मांजर मधोमध होतं, कुणी म्हणे मांजर नव्हतंच, अस्वल होतं. साठ वर्षं त्या कमानीखालून येणारी-जाणारी माणसं, आणि वर मान करून पाहिलेलं एकानंही नाही. शेवटी बसतील तशी बसवली आणि वरून चुना भरला.

गेल्या मंगळवारी इतिहास मंडळाचे बावीस सभासद डबे घेऊन आले. त्यांचे अध्यक्ष डॉक्टर विंपेनी शिडीवर उभे राहून तासभर बोलले. मांजर डावीकडून चौथ्या जागी आहे, यावरून म्हणे सिद्धच होतं की ही कमान नॉर्मंडीहून आलेल्या कारागिरांनी बांधली, आणि त्या क्रमात फार खोल अर्थ भरलाय. शिडी धरून मी उभा. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काय रे बाबा, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "साहेब, बसवणाऱ्याच्या मनातलं बसवणाऱ्यालाच ठाऊक." ते फार खूश झाले. हे वाक्य छापणार आहेत म्हणे.

सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तुझी आई नुसती म्हणाली, "लेटीला विचारलं असतंस तर?" आता खरं सांगतो. त्या तीन आठवड्यांत तीनदा कागद पुढ्यात घेतला होता. पण ज्या मुलीला 'दुसऱ्या पंथाच्या चॅपलवाल्याशी लग्न करून, आपलं चर्च सोडून त्यांच्या चॅपलमध्ये जाणार असशील, तर या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस' असं म्हटलं, तिला कोणत्या तोंडानं मांजराची जागा विचारायची? त्यापेक्षा कमान चुकीची बसवली. आता ती सातशे वर्षं तशीच राहणार, आणि तिच्यावर पुस्तकं निघणार.

आता दाराचं सांगतो. नवं ओकचं दार आहे, आणि त्यासाठी मिस्टर स्टॅव्हर्टननी वेलबुट्टीच्या लोखंडी बिजागऱ्यांचं चित्र काढून दिलंय. नोक्स लोहारानं घडवल्या त्या घोड्याला ठोकता येतील, दाराला नाही. शनिवारी दार इंचभर खाली बसलं आणि अडकलं. पाद्रीबुवा आत. त्यांना झग्यासकट खिडकीतून ओढून काढावं लागलं आणि अर्धा झगा तिथंच राहिला. अठरा ऑक्टोबरला, सेंट ल्यूकच्या सणाला, बिशप येणार. बिशपना काही खिडकीतून आत घेता येणार नाही, त्यांचा घेर मोठा आहे. असली नाजूक वेल लोखंडातून काढणारा एकच माणूस मी पाहिलाय. लग्नाआधी त्यानं तुला जो दिवा घडवून दिला होता, तो मी भिरकावला खरा, पण आईनं उचलून आणला. तो स्वयंपाकघरात टांगलाय आणि मी रोज त्याखालीच जेवतो. तुझ्या नवऱ्याला, गिडियनला म्हणावं, त्याचं चॅपल त्याच्यापाशी, मी त्यावर चकार शब्द काढणार नाही. बिजागऱ्यांची मापं घ्यायला त्यानं इथं यावं. तू ये, आणि ज्या पोराचं नाव मला टपालवाल्याकडून कळलं, त्यालाही आण. दाराची मापं पत्रातूनही पाठवता येतात, असं गिडियन म्हणेल. त्याचं ऐकू नकोस.

तुझाच हेकट बाप,
एमॉस