लिहून ठेवलेलं सुचणं

लाइपझिग,
१३ जानेवारी १८३८

तीर्थरूप बाबांस,
थेक्लाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

घोडागाडी वेळेवर पोचली. गुस्टा आत्याने दारातच माझे हात तपासले. बोटं आखडली तर सगळंच गेलं, म्हणाली, आणि दोन्ही हात उकडलेल्या गरम बटाट्यांवर ठेवायला लावले. नंतर तेच बटाटे हेरिंग माशाबरोबर ताटात आले. मी एकही टाकला नाही.

काल पुस्तकविक्रेते लोरिंग यांच्या घरी पहिली बैठक झाली. चाळीसेक माणसं होती. पियानो व्हिएन्नाचा, पट्ट्या हलक्या, वरचे दोन सूर जरा चिरके. मी तीन तुकडे वाजवले. स्वर एकही चुकला नाही. ड्रेस्डेनच्या मुलींच्या शाळेच्या श्टेखोव्हबाई येत्या बुधवारच्या बैठकीला येणार आहेत. मला ऐकून, संगीतशिक्षिकेची जागा द्यायची की नाही ते त्या ठरवतील. नाही मिळाली तर ईस्टरपासून मी नाउम्बुर्गच्या गिरणीवाल्या विधवाबाईंकडे सोबतीला जायचं, हे तुम्ही ठरवलंच आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्यांच्या घरी पियानो नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. इथे कोणी एक तुकडा संपवून थेट दुसरा सुरू करत नाही. मध्ये दोन मिनिटं आपल्या मनाने काही छेडायचं असतं. ऐकणाऱ्यांचा कान जुन्या पट्टीतून नव्या पट्टीत न्यायचा, परक्या पियानोचा अंदाज घ्यायचा, खुर्च्यांची सरकासरक थांबू द्यायची. हा प्रवेशक त्या क्षणी सुचलेला असतो असं सगळे धरून चालतात. माझा तसा नसतो. मी तो आधी लिहिते, दुरुस्त करते आणि पाठ करते. कुठे थबकायचं, तेसुद्धा पेन्सिलीने लिहिलेलं असतं. वहीत असे सतरा आहेत, प्रत्येक तुकड्याला एक. काल लोरिंगबाई म्हणाल्या, सुचतं तरी कसं गं पोरी तुला. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

हे खोटं बोलणं होतं का, ते कृपा करून कळवावं. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नको; आधी हे पत्र वाचून पाहा.

आपली आज्ञाधारक,
थेक्ला


फ्रायबुर्ग,
१६ जानेवारी १८३८

चि. थेक्लास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कोणी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. माझ्या मते हे खोटं नव्हे, पण खरंही नव्हे. पाद्रीसाहेबांना विचारावं म्हटलं तर ते तासभर बोलतील, म्हणून विचारलं नाही.

मी एकतीस वर्षं दर रविवारी स्तोत्राआधी ऑर्गनवर मनाचं वाजवतो. त्यात थोर काही नाही. मंडळी बाकांवर बसेपर्यंत आणि पाद्रीसाहेबांचं नाक शिंकरून होईपर्यंत वेळ काढायचा असतो. परवा बेकरीवाले हुंगर उशिरा आले आणि नेहमीसारखे डुलत डुलत पुढच्या बाकाकडे निघाले. माझी बोटं आपोआप त्यांच्या चालीवर पडू लागली. नंतर म्हणतात, मास्तर, टिंगल करायची तर माझ्या दुकानात येऊन करा, चर्चमध्ये नको. मी ती केली नव्हती, ती झाली.

हे तुला शिकवलं नाही याचं कारण एवढंच, की चूक दाखवता येईल तेच शिकवायची मला सवय. मनाने वाजवलेल्यात चूक कुठे दाखवणार? दोष द्यायचा असेल तर तो मला दे.

व्यवहाराची एक सूचना. एकाच गावात एकच प्रवेशक दोनदा वाजवू नकोस. घरं बदलतात, ऐकणारी माणसं तीच असतात.

ऑर्गनच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं आहे, त्यामुळे खालचे सूर दमेकऱ्यासारखे वाजतात. बाकी क्षेम. माझी माया घरी आहे तशीच आहे, येताना उचलून नेण्याजोगी.

तुझा,
बाबा


लाइपझिग,
१८ जानेवारी १८३८

ती. दादास गुस्टाचा नमस्कार.

तुझं पत्र आज सकाळी आलं. काल यायला हवं होतं.

काल लोकरीचे व्यापारी टिमे यांच्याकडे बैठक होती. श्टेखोव्हबाई दुसऱ्या रांगेत, ताठ, हातमोजेसुद्धा न काढता बसलेल्या. शुक्रवारी लोरिंगांकडे बायकांना तो रात्रीचा संथ तुकडा, काळी दोनमधला, फार आवडला होता, म्हणून टिमेबाईंनी तोच पुन्हा मागितला. थेक्लाने आधी प्रवेशक छेडला. शुक्रवारचाच. पहिल्या रांगेत निवृत्त न्यायाधीश केसेलबाख होते. म्हाताऱ्याला कोर्टात कोणाची साक्ष आठवत नसे म्हणतात, पण सूर एकदा ऐकला की विसरत नाही. तो तिच्याबरोबर गुणगुणायला लागला. ती थबकली, तर हाही थबकला. मग तिच्या आधी पुढचा सूर यानेच लावला.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मुलगी कागदासारखी पांढरी झाली. तरी तिने तो तुकडा शेवटपर्यंत बिनचूक वाजवला. मला कौतुक वाटलं, पण तेव्हा कौतुक ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. केसेलबाख कॉफी ढवळत सगळ्यांना सांगत होते, की शुक्रवारी सुचतं तेच बुधवारीही सुचतं, वेळेची फार पक्की मुलगी आहे.

श्टेखोव्हबाईंनी तिला बाजूला बोलावलं. शनिवारी माझ्या हॉटेलात या, म्हणाल्या, मी चार सूर देईन, त्यांवर तिथल्या तिथे मनाने वाजवा. ऐकून ठरवते.

घरी येताना मी विचारलं, अगं, दुसरं काहीतरी वाजवायचंस की. तर म्हणते, तोच बरोबर होता. दादा, हे तुझंच शिक्षण हो, मी काही बोलत नाही.

मी आपलं जेवताना सुचवून पाहिलं, की श्टेखोव्हबाईंच्या सोबतीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत, ते चार सूर आधी काढून आणते. तिने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. सूप मीच संपवलं. आता वही घेऊन बसली आहे आणि ती उघडतही नाही.

तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागावायचं तर त्याला निमित्त लागत नाही, आणि तो राग मला आवडतो, तो चालू ठेव.

तुझी,
गुस्टा


लाइपझिग,
२१ जानेवारी १८३८

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

बुधवारचं आत्याने लिहिलं आहेच. ते खरं आहे. तिने थोडं कमीच लिहिलं असावं.

काल अकरा वाजता श्टेखोव्हबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी एका बोटाने चार सूर वाजवून दाखवले. साधेच होते. मी पियानोपाशी बसले. त्या चार सुरांना कोणती साथ चालेल, कोणती चालणार नाही, सगळं मला दिसत होतं, आणि त्यातलं आधी काय घ्यावं ते कळत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ सव्वा अकरापर्यंत गेलं. मग मी उठले आणि म्हणाले, मला हे येत नाही, कधीच आलेलं नाही, मी लिहून पाठ करते. आणि वही पियानोवर ठेवली.

त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पेन्सिलीच्या खुणा बोटाने पाहिल्या. एक किती दिवसांत होतो, विचारलं. मी म्हणाले, साधारण चार. दुसऱ्याच्या हाताला बेतून लिहिता येईल का, विचारलं. मी म्हणाले, हात पाहिल्यावर येईल.

त्यावर त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. चाळीस मुलींना मनाने वाजवायला शिकवील असं माणूस मला बारा वर्षांत भेटलेलं नाही. लिहून, घोटून, आत्ताच सुचल्यासारखं दाखवायला शिकवील असं माणूस आज भेटलं. जागा तुमची.

अट एकच. परीक्षेच्या दिवशी आईबाप ऐकायला येतात, तेव्हा वही कपाटात राहिली पाहिजे. आणि प्रत्येक मुलीचा प्रवेशक वेगळा हवा, म्हणजे एखाद्या न्यायाधीशाला गुणगुणता येणार नाही. हे सांगताना त्या जरा हसल्या.

मी विचारलं, मुलींना मी हे काय म्हणून सांगू? त्या म्हणाल्या, केस कुरळे करतो ना आपण, तसंच. ते तसेच उगवले का, असं कोणी विचारत नाही.

मी लोरिंगबाईंपुढे एकदा मान खाली घातली, तर मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. आता चाळीस जणींना मान कशी खाली घालायची ते शिकवायचं. नाही म्हणाले तर नाउम्बुर्ग. उत्तर द्यायला मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आहे. काय करू ते लिहावं. तुम्ही लिहाल तसं करीन.

तुमचा लोभ मी गृहीत धरला आहे. ते चुकलं असेल तर तेही कळवावं.

आपली,
थेक्ला


फ्रायबुर्ग,
२४ जानेवारी १८३८

चि. थेक्लास आशीर्वाद.

भात्याचं भोक बुजवलं. त्याला हुंगरांच्या जुन्या विजारीचं कातडं लावलं आहे. आता ते स्वतः म्हणतात, मास्तर, ऑर्गनमध्ये माझाही आवाज आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद शेगडीत गेले. एकात हो होतं, एकात नाही होतं, आणि दोन्ही बिनचूक होती. काय करावं ते मी लिहीत नाही. आजवर तू विचारलंस आणि मी सांगितलं नाही असं झालेलं नाही, त्यामुळे तुला हे पत्र कोरडं वाटेल. कोरडं नाही.

नाउम्बुर्गच्या बाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. पट्टी कोणतीही धर, मी ऐकायला आहेच.

तुझा,
बाबा


ड्रेस्डेन,
१८ फेब्रुवारी १८३८

तीर्थरूप बाबांस,
थेक्लाचा नमस्कार. वि. वि.

इथे येऊन आज दोन आठवडे झाले. मला छोटी खोली आहे, पियानोखोलीला लागून. जेवण ठीक, दर मंगळवारी मसूर. मुली चाळीस नाहीत, एकेचाळीस आहेत.

हो म्हणताना मीही एक अट घातली होती. हे सोंग आहे, असं प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगणार. श्टेखोव्हबाई म्हणाल्या, सांगा की, त्यांना फार आवडेल. आणि खरंच, मुलींना फार आवडलं. त्या आता जेवणाच्या टेबलावर मीठ मागतानासुद्धा थबकतात, छताकडे पाहतात आणि मग म्हणतात, हां, मीठ. मला हसू आलं. मग ते येणं बरोबर होतं का, याचा मी दिवसभर विचार केला.

नऊ प्रवेशक लिहून झाले आहेत. सहावा कॉर्डुलासाठी आहे. ती अकरा वर्षांची, आल्याचे केक करणाऱ्याची मुलगी, हात लहान पण डावा चांगला चालतो. गुरुवारी ती तो पाठ वाजवून दाखवत होती. मध्येच थांबली आणि विचारलं, बाई, इथे मला दुसरंच काहीतरी सुचतंय, तर काय करू?

मी म्हणाले, लिहिलंय ते वाजव.

तिने वाजवलं. एकही चूक नव्हती, आणि तसं मी तिला सांगितलंसुद्धा. ती गेली, पुढची मुलगी येऊन बसली, तिचा धडाही अर्धा झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कॉर्डुलाला काय सुचलं होतं ते मी विचारलंच नाही. दोन दिवसांत ती कितीदा तरी समोरून गेली. जिन्यावर थांबवून विचारण्यासारखी ती गोष्ट नाही. आणि तिला आता आठवतही नसेल.

येत्या गुरुवारी ती आली, की मी तिच्यासमोरून वही उचलून घेणार आहे आणि सांगणार आहे, काय येईल ते वाजव. त्यात चूक कुठे धरायची ते मला माहीत नाही, म्हणून मी खिडकीपाशी उभी राहीन, पियानोपाशी नाही. श्टेखोव्हबाईंना हे आधी सांगायला हवं. त्यांनी मला ज्या कामासाठी ठेवलं, त्याच्या हे बरोबर उलट आहे. रोज सांगायचं ठरवते. आज रविवार, अजून सांगितलेलं नाही, आणि गुरुवारच्या आत सांगीन असं वाटत नाही.

तुम्ही हे पत्र वाचाल तेव्हा बहुधा गुरुवार उजाडलेला असेल. तेवढा एक दिवस तुमचा लोभ जरा जास्त असावा.

आपली,
थेक्ला