अर्ध्यावर आटवलेलं पाणी

दि. ९ मार्च, सोमवार

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. ह्यांची बदली टळली. मागच्या दाराला नवा रंग दिला. आईंची तब्येत बरी आहे. बरी म्हणजे, हिंडतात-फिरतात.

खरं सांगू? तुझं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सासूबाईंचे पाय चेपायचे मी, औषधांच्या वेळा सांभाळायच्या मी, आणि शेजारीण आली की कौतुक कुणाचं? ‘आमची धाकटी पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे हो!’ वर्षातून दोनदा यायचीस, तर त्या घर डोक्यावर घ्यायच्या.

गेल्या वर्षी तू विहिरीच्या पाण्याची बाटली भरून नेलीस आणि आठवड्याने फोन केलास, ‘ताई, पाण्यात आर्सेनिक आहे, मर्यादेच्या सहापट. वास नाही, चव नाही, पण विष आहे.’ माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वीस वर्षं मी ते पाणी ओढते. पाहुणे ‘काय गोड पाणी!’ म्हणून दुसरा पेला मागतात. या घरात माझ्या हातचं म्हणून नावाजलेलं तेवढंच होतं, तेही तू काढून घेतलंस असं वाटलं. म्हणून तुला फटकारलं, ‘ताई काय म्हणतेस? जाऊबाई म्हण.’ तेव्हापासून तू फोनवर तसंच म्हणतेस, आणि इकडे एकदाही आली नाहीस.

मग तू ते पाणी गाळायचं यंत्र पाठवलंस. आई नुसत्या खोक्यावरून हात फिरवत बसल्या. ‘पोरीला केवढी काळजी!’ मी खोकं उचललं आणि माळ्यावर टाकलं. आईंना सांगितलं, खराब निघालं, परत केलं. तुला सांगितलं, बसवलंय, छान चाललंय.

पण आईंना कच्चं पाणी द्यायला मी काही वैरीण नाही. रोज सकाळी मोठं पातेलं गॅसवर चढवायचे, अर्ध्यावर येईपर्यंत उकळायचे आणि त्यांचा तांब्या वेगळा भरायचे. आम्ही दोघं साधंच प्यायचो. धाकटीचं यंत्र जे करणार ते माझे हात करतील, अशी माझी घमेंड.

आईंच्या तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे आलेत. मंगळवारी डॉक्टरांनी ते पाहून पहिलं विचारलं, ‘पाणी कुठलं पिता?’ मी ऐटीत म्हटलं, ‘विहिरीचं, पण उकळून, अर्ध्यावर आटवून!’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘अहो, वाफ पाण्याची होते, आर्सेनिकची नाही. अर्धं पाणी उडालं, विष सगळं खाली राहिलं. तुम्ही त्यांना दुप्पट दिलंत.’ दुखणं बऱ्याच वर्षांचं आहे म्हणाले, पण ते मी नीट ऐकलंच नाही.

घरी येऊन खोकं उघडलं. वरच तुझी चिठ्ठी. ‘ताई’ खोडून तू ‘जाऊबाई’ लिहिलंयस. खाली, ‘प्लंबर बोलवा. तोवर पाणी उकळू नका, त्याने जात नाही, उलट वाढतं.’ चौदा महिने ती चिठ्ठी माझ्या डोक्यावर, माळ्यावर पडून होती.

आता शाळेच्या नळाचं, तपासलेलं पाणी आणतो. आईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. काल त्या शेजारणीला म्हणत होत्या, ‘थोरलीने वर्षभर पाणी उकळून पाजलं मला. लेकसुद्धा करणार नाही एवढं!’ वीस वर्षं ज्या कौतुकासाठी जळले, ते मिळालं आणि ते या पाण्याचं. मी मोरीत जाऊन रडले.

तू ये. यंत्र तुझ्यासमोर बसवू, गाळलेलं पाणी तू तपास. मग आईंना मी तुझ्यादेखत सगळं सांगेन. त्या तुझं कौतुक करतील, मी थोडी जळेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. पण चांगल्या पाण्याचा पहिला पेला त्यांना मी देणार. तेवढं माझ्याकडे राहू दे.

वर ‘सगळे मजेत’ लिहिलंय, ते खोडून वाच.

तुझी,
तू खोडलेली ताई