पुठ्ठ्यावरचे बाण

३ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या बाईंपुढे मान डोलावली आणि ब्याद गळ्यात पडली! दर मंगळवार-गुरुवार वरच्या वर्गातली एक मुलगी आमच्या बाइंडिंगच्या दुकानात काम शिकणार. "फायदा तुमचाच आहे, बघा," म्हणे. शेवटी एक फॉर्म भरून द्यायचा – 'व्यवसायाला झालेला फायदा', पुढे तीन ओळी. कसला डोंबलाचा फायदा! इथे ग्रंथालयाचे चाळीस खंड महिनाअखेर द्यायचेत. पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाहीतर दुकानाला टाळं. आणि बाबांना दुकानाशिवाय जगच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगी कसली, प्रश्नपत्रिका आहे! खळ एवढी पातळ का? दोऱ्याला मेण कशाला? मी वैतागले. बाबा मात्र खुशीत. पुठ्ठा एका बाजूने सहज वाकतो, ती बाजू पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायची, नाहीतर वाळल्यावर कव्हर वाकडं होतं – हे सगळं तिला समजावून सांगितलं. मला कधी सांगितलं नाही! मला नुसतं, "बाण बघून काप." ते पुठ्ठा वाकवून बघतात, पाठीची दिशा दाखवणारे बाण जागोजागी पेन्सिलीने काढतात, मी कापते. तीस वर्षं तेच चाललंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मा डोळ्यांवर, आणि बाबा दुकानभर चष्मा शोधतायत! मी पोट धरून हसले. प्रश्नपत्रिका हसली नाही. तिच्या दिवशी आता तीच पुठ्ठे कापते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी तिला वाकवून बघण्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिनेही पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकून घेतलं. भोळी आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पोरीचा हात बसलाय. कबूल करायला जिवावर येतंय, पण बसलाय. आमच्या आधी येऊन दारात उभी असते. आज कापायच्या आधी पुठ्ठ्यावर खोडरबर घासत होती. "काय गं?" तर म्हणे, "काही नाही ताई, डाग होता."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

घात झाला. अकरा खंड दाबातून काढून ठेवले होते, सकाळी बघते तर कव्हरं वाळक्या पानासारखी वळलेली. चाळीसातले अकरा! मी कडाडले, "पुठ्ठे कापले कुणी हे?" बाबा भिंतीला टेकून उभे. हातात पेन्सिल तशीच. पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं चुकलं, ताई."

नको नको ते बोलले तिला. पुन्हा पाय ठेवू नकोस म्हटलं. फॉर्म तिथल्या तिथे भरून हातात दिला – 'फायदा शून्य. नुकसान अकरा खंड.' फॉर्म दप्तरात घालून गेली. बाबा जेवले नाहीत. तिच्यावर चिडलेत असंच मला वाटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ग्रंथालयाने आठ दिवस वाढवून दिले. वाकडी कव्हरं सोलायला घेतली. आत बाबांचे बाण, जसेच्या तसे. पुठ्ठा वाकवून पाहिला. बाण चुकलेला, आडवा! दुसरा. तोही आडवा. अकराच्या अकरा.

फळीवर तिने कापून ठेवलेले पुठ्ठे होते, ते काढले. प्रत्येकावर बाबांचा बाण खोडलेला, शेजारी बारीकसा बरोबर दिशेचा बाण.

म्हणजे हे अकरा मी कापले. ती नसते त्या दिवशी. पोटची लेक मी – कधी एकदा पुठ्ठा हातात घेऊन वाकवून पाहिला नाही, कधी बाबांकडे नीट पाहिलं नाही. परक्याच्या पोरीने दोन आठवडे त्यांना सांभाळून घेतलं. नळ सोडून ठेवला आणि रडले. त्यांना ऐकू जायला नको.

२ मार्च, सोमवार

शाळेत गेले. भरलेला फॉर्म परत घेतला, नवा कोरा मागितला. पोरीला वर्गाबाहेर बोलावलं, उद्यापासून परत ये म्हटलं. मग विचारलं, "सांगितलं का नाहीस गं?"

"आजोबांसमोर कसं सांगणार? त्यांना शिकवायला किती आवडतं."

कोरा फॉर्म घरी आणलाय. तीन ओळींत काय मावणार?

३ मार्च, मंगळवार

आली. बाबांनी मान वर केली, तिच्याकडे बघून हसले. "नवीन का गं? ये, बस. पुठ्ठा कसा वाकवून बघायचा ते दाखवतो."

तिने स्टूल ओढलं. "दाखवा ना, आजोबा."

मीही माझं स्टूल ओढलं.