ठकीचं शुक्रवारचं लग्न

सोमवार, ४ तारीख

ठकीचं लग्न ठरलं! ठरलं म्हणजे नातीनं आपलं आपणच ठरवलं. कुणाला सांगायचं नाही म्हणाली, म्हणून इथं लिहिते, नाहीतर पोट फुटेल माझं.

मुलगा चष्मे करतो. माझाही त्यानंच केला. कानामागं टोचत होता, तर परत परत वाकवून दिला, स्वतःचं तोंड वाकडं न करता. तेव्हाच म्हटलं होतं, असा नातजावई हवा. धर्म वेगळा आहे – तेवढं एक.

ठकी म्हणाली, "लग्नाच्या नोंदणी कचेरीत नावं दिलीत. मुदत संपली की पुढच्या शुक्रवारी लग्न. बाबांना आधी कळलं तर सगळं संपलं. आजी, फक्त तुला सांगतेय हं."

फक्त मला! तिच्या आईलासुद्धा नाही. सूनबाई बिचारी दिवसभर मशिनवर वाकलेली, तोंडाला टाके घातल्यासारखी गप्प. आमचं शिवणकामाचं दुकान; माझा मुलगा कापतो, ती शिवते, मी काजं-बटणं करते. आज आनंदात एक बटण पाठीवरच लावून ठेवलं. मुलगा म्हणाला, "आई, लक्ष कुठाय तुझं?" म्हटलं, "वय झालं रे."

मंगळवार, ५

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. आज भिजला. दिवसभर.

रविवार, १०

काय करून बसले मी.

गुरुजी आज प्रार्थनेत म्हणाले, मुलीच्या मनाविरुद्ध लग्न लावणं पाप आहे. मला वाटलं, हे तर आपल्याच बाजूचे. बाहेर पडल्यावर गाठलं त्यांना. नाव न घेता विचारलं, एखादीनं दुसऱ्या धर्मातला निवडला तर?

"निवड तिचीच हवी आजी. पण आपल्यातून."

म्हटलं, "म्हणजे दुकानात एकच कापड ठेवायचं आणि म्हणायचं, आवडेल ते घ्या."

हसले. म्हणाले, "माणसाच्या मापानं कपडा बेततात. धर्म नाही बेतत."

बोलतात छान, हे मानलं पाहिजे. पण मी कसली गप्प बसते. म्हटलं, "त्यांच्याकडचे प्रार्थना सांगणारे म्हातारबाबा तर म्हणतात, दोघांनी खुशीनं हो म्हटलं की देवाला पुरे. मुलीनं धर्म बदलायलाही नको."

"कुणाकडचे म्हातारबाबा?"

आणि मी सांगितलं. चष्मेवाला, कचेरी, शुक्रवार – सगळं. वादात जिंकायचं होतं मला!

सोमवार, ११

दुकान बंद करून मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. गुरुजींनी त्याच्या कानावर घातलंय.

"शुक्रवारी मी कचेरीच्या दारात उभा राहतो. बघू कशी सही करते माझ्यासमोर. तोवर ठकीला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

म्हटलं, "अरे, पोरगी सुखात आहे."

"आज आहे. उद्या तिची मुलं कुठल्या देवापुढं हात जोडणार? मी गेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना कोण म्हणणार, आई?"

डोळे भरले होते त्याचे. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, १२

ठकीनं माझे केस विंचरले. सांगायचं अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की विचारणार, बाबांना कुणी सांगितलं? गिळलं. मुलाची शपथ होती म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. गावभर सगळं सांगत सुटणारी बाई मी, घरात एवढं एक सांगता येईना.

गुरुवार, १४

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. उद्या ती त्या दारात बापाला बघेल आणि तिला कळेल, आजीनं घात केला.

शुक्रवार, १५

मुलगा दुपारीच परत आला. टेप गळ्यात तशीच. म्हणाला, "लग्न परवाच झालंय. बुधवारी. तू तर शुक्रवार म्हणाली होतीस."

"तिनं मला तेच सांगितलं रे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कात्री उचलली, पुन्हा ठेवली. परवा संध्याकाळी लग्न करून आली आणि माझ्या ताटात वाढलं तिनं! आज गेली ती आली नाही.

शनिवार, १६

मुलगा बाहेर गेल्यावर सूनबाई बोलली, मशीन न थांबवता. "साक्षीला मी होते, आई. तुम्हाला शुक्रवार सांग, हेही मीच सुचवलं."

"मग सांगितलंच कशाला मला?"

"मी नकोच म्हणत होते. ती ऐकेना. म्हणाली, आजीला सांगितल्याशिवाय माझं लग्न ठरलंय असं मला वाटणारच नाही."

दोघं कुठं राहतात तेही सांगितलं तिनं. इथं लिहीत नाही.