थकलेला आवाज पाहिजे

मल्हारगंज, इंदूर
९ जुलै २००७

प्रिय पंचशीला, जयभीम.

आवाजाची कामं देणाऱ्या त्या वेबसाइटवर तू माझं नाव टाकलंस ना, तिथून परवा मेल आला. जाहिरातीसाठी बंद मिलच्या म्हाताऱ्या मजुराचा आवाज पाहिजे होता. म्हटलं, हे तर आपलंच काम! सायबर कॅफेत माइकसमोर तीन ओळी बोललो. कॅफेवाला म्हणाला, "भिया, पूरे मोहल्ले को सुनाओगे क्या?"

आज उत्तर आलं. आवाज मजुराचा वाटत नाही म्हणे. थकलेला, हळू पाहिजे.

बेटा, बावीस वर्षं लूमवर काढली. विणाई खात्यात मशिनींचा एवढा खडखडाट, की थकलो तर अजून जोरात ओरडावं लागायचं. नाहीतर बाजूच्याला ऐकूच येत नसे. मिल बंद होऊन सोळा वर्षं झाली, पण गळ्याला कोण सांगणार?

मी बोलायला लागलो की तू फोन कानापासून लांब धरतेस. तुझ्याकडे राहून आल्यावर आईनेच सांगितलं. म्हणून लिहायला बसलो. पण हे पोस्टात नाही टाकणार.

उद्या तुझा फोन आला, की अजून उत्तर नाही आलं म्हणेन, हळूच. ऐकू नाही आलं, तर थकलोय समज.

तुझे बाबा