रेमीच्या हातचं ऑम्लेट

लिओं, २ ऑक्टोबर

लाडक्या ओदेत,

तू नातीला, लीजला घेऊन येतेयस हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले! कॅनडात राहून इथलं सगळं विसरले म्हणतेस, म्हणून सांगते. दुकानात शिरताच आधी 'बोंजूर' म्हणायचं, नाहीतर विकणारी ढुंकून बघणार नाही. दुपारचे दोन वाजले की खानावळींच्या चुली बंद, मग कितीही गयावया करा. पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते. मंगळवारी चित्रसंग्रहालय बंद. टेकडीवर गाडीनं चढा, उतरताना पायी या.

जेवण मात्र बाहेरच करा. दोन्ही वेळचं. नदीकाठच्या खानावळीत मी टेबल सांगून ठेवते.

लगेच तोंड फुगवू नकोस गं. तुम्ही येणार कळल्यापासून आमचा रेमी लीजला अळंब्यांचं ऑम्लेट खिलवायचं म्हणून हटून बसलाय. जन्मभर आचारी राहिलेला माझा हा नवरा जंगलातली अळंबी डोळे मिटून ओळखायचा. इथे सगळेच वेचलेली टोपली आधी औषधाच्या दुकानात दाखवतात, विषारी काही नाही ना म्हणून, पण त्याला तो अपमान वाटतो.

हल्ली तो मिठाऐवजी साखर घालतो, ओदेत. परवा मला तुझ्या नावानं हाक मारली. म्हणून गेल्या रविवारी टोपली मीच चोरून दुकानात नेली. तिथल्या मुलीनं एक पांढरं अळंबं चिमट्यानं उचललं आणि तिचा चेहराच उतरला. "मादाम, हे एवढंसं अख्ख्या घराला पुरलं असतं."

घरी सांगितलं तर रेमी उसळला. "कालची पोर ती! मला शिकवतेय?" मग रडायलाच लागला. डॉक्टरचं नाव काढलं की दार आपटतो. आता तो जंगलातून आला की मी आणलेलं सगळं कचऱ्यात ओतते आणि टोपलीत बाजारची अळंबी भरून ठेवते. पण एखाद दिवशी मी घरी नसले तर? भीतीनं झोप उडालीय गं माझी.

तो ताट घेऊन समोर येईल, लाडानं आग्रह करील. भिडेखातर एक घासही घेऊ नका. पोट भरलंय म्हणू नकोस, त्याला लागेल. गिलेननं शपथ घातलीय म्हण. सगळा राग माझ्यावर निघू दे. तो माझ्याशी जन्मभर बोलला नाही तरी मी सोसेन. लीजला काही झालं तर तुला कुठल्या तोंडानं भेटू?

जीव मुठीत धरून तुमची वाट बघणारी,
गिलेन