जिभेवरचा स्वयंपाक

आत्या, आज तुझ्या तिथीची खीर मी तुझं पान वाढायच्या आधीच चाखली. मुद्दाम नाही गं. पळीतली थोडी तळहातावर घेतली, जिभेला लावली, साखर बरोबर पडली आहे असं मनाशी म्हटलं, आणि मग एकदम धस्स झालं. अगं बाई, हे काय करून बसले मी! दुसरी करायची तर घरात दूध नाही. पाट मांडलेला आहे, केळीचं पान पुसून ठेवलेलं आहे, आणि मी वाढायचं सोडून कागद घेऊन बसले आहे. तुला सगळं सांगितल्याशिवाय ती खीर तुझ्यापुढे ठेवायचा धीर होत नाही.

बदलापूरला वकिलांच्या स्वयंपाकघरात तू मला एकदाच मारलंस. मी आईवेगळी पोर, तू स्वयंपाकाला जायचीस तिथे तुझ्या मागे मागे. आमटीला उकळी आली होती, चिंचगुळाचा असा वास सुटला होता की मला राहवलं नाही. पळी तोंडाला लावते न लावते तोच तू मनगटावर उलथनं हाणलंस. "देवाच्या आधी जीभ? जिभेवर स्वयंपाक करतात ते खानावळवाले. आपण हातावर करतो." पुरुषांची पंगत उठली, बायकांची उठली, तरी मला पान नाही. मी रडत होते आणि तू शांतपणे ताक घुसळत होतीस. पण त्या दिवसापासून माझा हात असा तयार झाला की चिमूट सोडताना बोटांनाच कळावं. पुढे कपाळ पांढरं करून मी परत तुझ्याकडे आले, तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यातल्या साहेबांच्या घरी तूच मला स्वयंपाकाला लावून दिलंस. निघताना तुझी सोवळ्यातली लोकरीची धाबळी माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, पावसाळ्यात सोवळं वाळत नाही, राहू दे.

त्या बंगल्यात मी वर्षानुवर्षं राहिले. माणसं वाईट नव्हती, उगाच का खोटं बोलू? पण साहेबांच्या बायकोने, वहिनींनी, सकाळी भाजी सांगायची आणि मी ती चिरायची, ह्यापलीकडे काही नाही. मुलं मोठी झाली, त्यांना पाव-आम्लेट आवडायला लागलं. माझ्या वरणभाताकडे बघून नाकं मुरडायची मेली! मी घरातलीही नव्हते आणि बाहेरचीही नव्हते. तुझं काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पोळी लाटताना तुझे हात थरथरायला लागले, तशी वकिलीणबाईंनी तुला एक लुगडं दिलं, दोन गोड शब्द दिले, आणि दुसरी बाई ठेवली. तू घरी परत आलीस आणि भिंतीकडे तोंड करून निजलीस, ती पुन्हा उठली नाहीस. स्वतःच्या हातांकडे बघितलं की मला तेच आठवायचं. पण आठवून काय करणार? गाय दावणीला असते तशी मी त्या चुलीला होते.

मग एक दिवस जेवताना साहेब म्हणाले, "बाई, सरकारनं कायदा केलाय. आम्हाला कामगारांसाठी कँटीन काढावं लागतंय. स्वयंपाकाचं तुम्ही बघता का? नोकरी कारखान्याची, कायमची." मनात म्हटलं, सगळा कारखाना जेवणार, कुणी कुठल्या जातीचा, कुणी कुठला! सोवळं कुठलं नि ओवळं कुठलं. मी नाही म्हणणार तेवढ्यात वहिनी फणकारल्या, "जायचं तर खुशाल जा. पण मी दुसरी बाई बघणार. परत आलात तर जागा नाही हो." तिकडे कँटीनचे मॅनेजर म्हणाले, आठवडाभर बघू, जमलं तर ठेवू. म्हणजे इकडचं गेलं आणि तिकडचं मिळालं नाही तर रस्त्यावर. कितीतरी दिवस मला अन्न गोड लागेना. हो म्हटलं तेही भीतीपोटीच. तुझ्यासारखं भिंतीकडे तोंड करून निजायची भीती रस्त्यावर येण्याच्या भीतीपेक्षा काकणभर जास्त होती, एवढंच.

पहिल्या दिवशी मी तुझी धाबळी नेसून गेले, हसशील! कोळशाच्या भट्ट्या रसरसलेल्या, आणि मी लोकरीत. घामाने डोळे चुरचुरतायत. पोळ्या लाटायला कॅम्पातली एक सिंधी बाई आहे. फाळणीत घरदार गमावून बरॅकीत राहायला आलेल्यांतली, पण बोलणं खणखणीत. माझ्यापुढे आमटीचा एवढा टोप, की मी त्यात बसून आंघोळ करावी. मिठाच्या डब्यात हात घातला आणि हात गप्प. पाच माणसांची चिमूट ठाऊक असलेला हात तो, त्याला काय कळणार? जास्त पडलं तर काढता येत नाही, ह्या धास्तीने भीत भीत टाकलं. ती सिंधीण बघत होती. "बाई, चखके तो देखो."

"हमारे में नहीं चाखते," मी म्हटलं.

"फिर पता किसको चलेगा? खानेवालों को?"

मी तोंड फिरवलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि बाकं भरली. पहिली ओळ जेवायला लागली आणि चिखलोलीचा एक आगरी गडी ओरडला, "ओ बाय, ही आमटी हाय का आजाऱ्याची पेज? मीठ इसरलीस काय?" सगळे फिदीफिदी हसले. मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. सिंधिणीने पळी उचलली, ती चाखणार होती. एक क्षण वाटलं, चाखू दे तिला, आपण नामानिराळ्या. आणि लगेच वाटलं, म्हणजे रोज हिच्या जिभेवर माझी भाकरी? मी तिच्या हातातून पळी ओढून घेतली. तळहातावर आमटी ओतली, चटका बसला, आणि सगळ्यांच्या देखत चाखली. कसलं मीठ गं! नावाला नव्हतं. मूठभर टाकलं, ढवळलं, परत चाखली. परत टाकलं. दुसऱ्या ओळीला वाढली तेव्हा कुणी वाहवा केली नाही, पण कुणी ताटही सारलं नाही. तो आगरी गडी परत आमटी मागायला आला. मागे नळावर जाऊन मी खळाखळा चुळा भरल्या आणि तिथेच रडले.

आठवडा झाला, मॅनेजरनी राहा म्हटलं. आता बरीच वर्षं झाली. हाताखाली माणसं आहेत, कारखान्याने खोलीही दिली आहे. भीती गेली म्हणशील तर नाही. रोज भोंगा झाला आणि पहिला घास कुणी घेतला की मी त्याच्या तोंडाकडे बघते. पण हात थरथरायला लागले तरी मला आता कळेल मीठ किती ते. खीर हीच वाढणार आहे. गोड झाली आहे.

तुला अक्षरओळख नव्हती. कुणाचं पत्र आलं की तू पदर सावरून बसायचीस आणि मी वाचून दाखवायची. हे तुला कोण वाचून दाखवणार? मी तर नाहीच. कारण त्या दिवशी नळावर रडताना, आत्या, मला वाईट वाटत नव्हतं. तू गेलीस ते बरं झालं, असं वाटत होतं. तू असतीस तर मी अजून वहिनींची भाजी चिरत बसले असते.